चंद्रावर उघडायचं दार

लातुरात टेम्पोला नुसता हौदा बांधायचा असेल तर माणूस एमआयडीसीतल्या कुठल्याही शेडात जातो. पण गाडीत माणसं बसणार असतील, शाळेची व्हॅन असेल, ॲम्ब्युलन्स असेल, किल्लारीकडं धावणारी जीप असेल, तर जुने ड्रायव्हर सांगतात, "अक्काकडं न्या."

अक्का म्हणजे शिवकन्या बिराजदार. वय एकोणचाळीस, अंगानं बारीक, साडीवर खाकी शर्ट घातलेला आणि डाव्या हातात टेप. शेडावरचा बोर्ड सासऱ्यांच्या नावाचा आहे, 'महादेवप्पा बॉडी वर्क्स', आणि सासरे अजूनही दारातल्या लोखंडी खुर्चीवर रोज बसतात. पण माप घेते ती शिवकन्याच.

तिची माप घ्यायची रीत जरा निराळी. गाडीमालक म्हणतो, पायरी अमुक इंचावर ठेवा. ती म्हणते, "तुमच्या गाडीत बसणारी चार माणसं आणा." मग ती त्यांना चढायला लावते, उतरायला लावते, हातात पिशवी देऊन पुन्हा चढायला लावते. स्वतः गप्प बाजूला उभी. कुणाचा गुडघा कुठं अडतो, कुणाचा हात आधाराला कुठं जातो, एवढंच बघते. जुनी गाडी दुरुस्तीला आली की आधी रंग कुठं उडालाय ते तपासते. माणसाचा हात जिथं रोज पडतो तिथला रंग आधी जातो, आणि नव्या गाडीत दांडा तिथंच बसवायचा असतो.

ती मूळची किल्लारीची. भूकंप झाला तेव्हा सात वर्षांची होती. त्यानंतर साडेतीन वर्षं आठ माणसांचं त्यांचं घर एका पत्र्याच्या शेडात होतं. बारा बाय पंधराच्या त्या जागेत कोण कुठं झोपणार, चूल कुठं, पाण्याची घागर कुठं ठेवली की कुणाचा पाय लागत नाही, हे सगळं आईनं तिच्यावर सोपवलेलं. कुणी विचारलं तर शिवकन्या त्या दिवसांबद्दल फार बोलत नाही. "जागा लहान असली की डोकं मोठं ठिवावं लागतं," एवढंच म्हणते आणि कामाला लागते.

लग्न होऊन लातुरात आली. नवरा दयानंद गाडी चालवण्यात रमणारा. वेल्डिंगच्या ठिणग्यांशी त्याचं कधी जमलं नाही. त्यानं स्वतःचा टेम्पो घेतला आणि नांदेडच्या फेऱ्या सुरू केल्या. इकडं महादेवप्पांना मोतीबिंदू झाला. टेपवरचे आकडे दिसेनात. सुनेला म्हणाले, "नुसते आकडे वाचून दाव, बाकी मी बघतो." वर्षभर तिनं आकडे वाचले. दुसऱ्या वर्षी ती आकडा वाचायची आणि वर सांगायची, "मामा, हा चुकला." तिसऱ्या वर्षी महादेवप्पांनी टेप तिच्याकडं दिला तो दिलाच.

गेल्या जानेवारीत एका शनिवारी सकाळी वर्षाराणी शेडात आली. जळकोटची मुलगी, सत्तावीस-अठ्ठावीसची, इंजिनिअर. तिच्या वडलांची दुधाची गाडी याच शेडात बांधलेली, त्यामुळं ओळख जुनी. दोन वर्षांपासून ती हैदराबादला एका खासगी कंपनीत होती. काखेत कागदाची गुंडाळी. ती तिनं बाकावर पसरली आणि चारी कोपऱ्यांवर चार नट ठेवले.

"ताई, प्लायवूड अन् पाइपची एक केबिन पाहिजे. नमुनाच, पण आतून एकेक माप खरं पाहिजे."

"कुठल्या गाडीची?"

वर्षाराणीनं कागदावर बोट ठेवलं. "चंद्रावर उतरायची."

शिवकन्यानं ड्रॉइंगवरची नजर काढली नाही. "किती माणसं?"

"दोन."

"सीट कुठं हैत?"

"सीट न्हाईत. पट्ट्यांनी बांधून उभ्यानंच उतरायचं. सीटचं वजन वाचतं. अन् उभं राहिलं की तोंड खिडकीजवळ येतं, खालची जमीन नीट दिसते."

"बरं हाय," शिवकन्या म्हणाली. "उभी माणसं मला लई ठाव हैत."

मग वर्षाराणीनं सगळं समजावून सांगितलं. चंद्रावर माणूस उतरवायचं काम आधी सरकारंच करायची. आता खासगी कंपन्याही त्यात उतरल्या होत्या. आपल्याकडं दोन कंपन्यांची चुरस होती, एक त्यांची हैदराबादची आणि दुसरी पुण्याची. मार्चमध्ये पाच जणांची समिती दोन्हीकडं येऊन बघणार होती, आणि पुढच्या टप्प्याला आधी कोण जाणार ते ठरवणार होती. इंजिनाच्या चाचण्या झाल्या होत्या. आता माणूस आत जाऊन उभा राहील अशी केबिन दाखवायची होती. हैदराबादच्या कारखान्यांनी अडीच महिने मागितले. हातात होते सात आठवडे.

खुर्चीवरून महादेवप्पांनी विचारलं, "पोरी, पोचंल का ती गाडी तिथं?"

"पोचवणं त्यांचं काम, मामा," शिवकन्या म्हणाली. "आत-बाहेर होणं आपलं."

एकोणीस दिवसांत केबिन उभी राहिली. चौकोनी पाइपचा सांगाडा, आतून बारा एमएमचं प्लायवूड, दोन तिरक्या खिडक्या, आणि समोर खाली एक चौकोनी दार. दार कमरेपेक्षा कमी उंचीचं. त्यातून बाहेर पडायचं तर आधी गुडघे टेकायचे, मग उलटं सरकत पाय बाहेर काढायचे आणि पायानं शिडी शोधायची. दाराच्या उजव्या अंगाला बटणांची पाटी होती. शिवकन्यानं तिथं लाकडाची बटणं खिळ्यांनी ठोकली होती, अगदी ड्रॉइंगमध्ये होती तेवढी.

काम मापाला बरोबर होतं. वर्षाराणीनं एकेक माप तपासलं आणि खूश झाली. शिवकन्या मात्र दारासमोर उकिडवी बसून राहिली.

"त्यांच्या पाठीवर काय असतंय?" तिनं विचारलं.

"हवेची पेटी. श्वास, थंडावा, सगळं त्यातच."

"केवढी?"

वर्षाराणीनं हातानं दाखवली.

"वजनाला?"

"इथं लई जड. तिथं मात्र सहावा हिस्सा."

"वजन सहावा हिस्सा. अन् जाडी?"

वर्षाराणीला हसू आलं. "जाडी तेवढीच."

"मग दगडोबाला बोलवते," शिवकन्या म्हणाली.

दगडोबा औशाजवळच्या एका गावचा. वीस वर्षं दुसऱ्यांच्या शेतात फवारणी करतो. सोयाबीन, तूर, हरभरा, जे असेल त्यावर. आणि सोळा लिटरचा पंप पाठीवर असला की त्याला वेगळं काही वाटतच नाही. तो पंप घेऊनच आला. शिवकन्यानं सीटचा फोम कापून त्याच्या हातापायांना आणि छातीला गुंडाळला, वरून सुतळीनं बांधला. डोक्यावर दयानंदचं हेल्मेट. मग गेरू पाण्यात कालवून तिनं केबिनचं सगळं आतलं अंग लाल करून घेतलं. दार, कडा, पाटी, दांडे, काहीच सोडलं नाही.

"अक्का, सण हाय का काही?" दगडोबानं विचारलं.

"गेरू अर्धा वाळू दे. मग आत जा, बाहेर ये. धा वेळा. मी थांब म्हणंपर्यंत थांबायचं न्हाई."

दहा फेऱ्या झाल्यावर तिनं टॉर्च घेऊन आत बघितलं. वर्षाराणीही मागोमाग वाकली. पाटीचा खालचा कोपरा पुसून पांढरा पडला होता, आणि पंपावर तेवढाच लाल पट्टा उमटला होता. लाकडाच्या बटणांपैकी दोन मोडली होती. ड्रॉइंगप्रमाणं जो दांडा उजवीकडं वर बसवला होता, त्याच्यावरचा गेरू जसाच्या तसा होता. दगडोबानं त्याला एकदाही हात लावला नव्हता. उलट दाराच्या डाव्या कडेला, तळापासून वीतभर वर, पाच बोटांचा स्पष्ट ठसा होता. एकावर एक असा दहा वेळा पडलेला.

"तू तिथं का धरलंस?" वर्षाराणीनं विचारलं.

दगडोबानं हेल्मेट काढलं. "कुठं धरलं?" त्याला ते माहीतही नव्हतं.

त्या दिवशी आणखी सहा जण फोम बांधून आत-बाहेर झाले. वर्षाराणी स्वतः झाली. प्रत्येक वेळी गेरू नव्यानं लावला, आणि प्रत्येक वेळी पुसला तो त्याच दोन जागी. वर्षाराणीनं फोटो काढून हैदराबादला पाठवले. संध्याकाळी उत्तर आलं: वेळ कमी आहे, ड्रॉइंगप्रमाणं द्या, बदल नको.

उत्तर डिझाइनचे प्रमुख अमृतराव यांचं होतं. वर्षाराणीचा चेहरा उतरला. शिवकन्यानं टेप गुंडाळला.

"ड्रॉइंगप्रमाणं झालंच हाय. ते मी देते. पण साहेबांना म्हणावं, नेण्याआधी एकदा येऊन चढा. आपण आपल्या गाडीत चढून बघावं की न्हाई?"

अमृतराव मूळचे नांदेडचे. पुतणीच्या लग्नाला ते त्याच आठवड्यात गावी आले होते. सोमवारी नांदेडहून निघाले ते थेट शेडात आले. पन्नाशी उलटलेले, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. गेरूनं लाल झालेली केबिन बघून त्यांनी कपाळाला आठी घातली.

"बाई, कॉम्प्युटरवर आम्ही हे हजार वेळा तपासलंय. पाठीला दोन्हीकडं चार-चार सेंटिमीटर जागा मोकळी राहते."

"राहत असंल साहेब. पण कॉम्प्युटरातला माणूस दमतो का?"

अमृतरावांनी घड्याळ काढून वर्षाराणीकडं दिलं आणि हात पसरून उभे राहिले. दगडोबानं त्यांना फोम बांधला, पंप चढवला. ते वाकले, आत गेले, जपून उलटे सरकत बाहेर आले. पंपावर डाग नाही. त्यांना बरं वाटलं, ते दिसलं.

"आता पाच वेळा," शिवकन्या म्हणाली. "अन् घाईनं. आत काहीतरी बिघडलंय अन् बाहेर पडायचंय असं समजून."

दुसऱ्या फेरीला पंप घासला. तिसऱ्या फेरीला आतून कट् असा आवाज आला. तो त्यांनी स्वतःच ऐकला. ते तिथंच गुडघ्यांवर थांबले, मग हळूच वळून बसले. हातात मोडकं लाकडी बटण.

"हे कशाचं होतं?"

"चंद्रावरून परत वर यायच्या इंजिनाचं, सर," वर्षाराणी म्हणाली.

महादेवप्पांनी खुर्ची दाराकडून आत ओढून घेतली.

"दार रुंद करायला हवं," अमृतराव शेवटी म्हणाले. "नऊ सेंटिमीटर तरी. म्हणजे सांगाडा बदलणार, अकरा-बारा किलो वाढणार." त्यांनी मान हलवली. "तेवढं वजन मला कुणी देणार नाही. तिथं एकेका किलोसाठी भांडणं आहेत."

"रुंद कशाला करता?" शिवकन्या म्हणाली. "जीपचं दार कुणी रुंद करत न्हाई. दांडा हलवला की माणूस आपोआप वळतो."

तिनं उजवीकडचा दांडा कापून काढायला सांगितला. तोच तुकडा दाराच्या डाव्या कडेला, बोटांचे ठसे होते तिथं, वेल्डिंगचे दोन टाके मारून जोडला. बटणांची पाटी वीतभर वर नेली आणि तिला पुढून पट्टीची कड लावली, म्हणजे काही घासलं तर कडेला घासेल. अर्धा तास लागला. पुन्हा गेरू लावला.

अमृतराव पुन्हा आत गेले. या वेळी बाहेर येताना त्यांचा डावा हात खाली दांड्यावर पडला, डावा खांदा आधी वळला आणि पाठीवरचा पंप पाटीपासून चार बोटं दूर राहिला. त्यांनी न सांगता सहा फेऱ्या केल्या. सहाव्या वेळी बाहेर आले तेव्हा शर्टाची इस्त्री गेली होती आणि पंपावर एकही डाग नव्हता.

"वजन किती वाढलं?" त्यांनी विचारलं.

"पट्टीचं तेवढं. दांडा जुनाच हाय."

अमृतराव वर्षाराणीला म्हणाले, "नवीन ड्रॉइंग आजच काढ. इथंच बसून काढ."

पुढच्या आठवड्यात पुण्याहून फोन आला. तनुजा नावाची बाई होती, दुसऱ्या कंपनीची. त्यांना प्लायवूडच्या व्यापाऱ्याकडून सुगावा लागला होता. आमचीही केबिन बांधाल का, तिनं विचारलं. मग जरा अडखळत पुढं म्हणाली, हैदराबादवाल्यांनी दांडा कुठं घेतलाय तेवढं कळलं असतं तर बरं झालं असतं.

"हे काम गेल्यावर तुमचं घेईन," शिवकन्या म्हणाली. "त्यांचं तुम्हाला सांगणार न्हाई, अन् तुमचं त्यांना न्हाई. तुमची माणसं घेऊन या, तुमच्या दारातून काढू, मग बघू."

फोन ठेवला आणि तिनं लगेच वर्षाराणीला बोलावून सगळं सांगितलं. दोन दिवसांत हैदराबादहून कागद आला. त्यात दोन कलमं होती. ड्रॉइंग कुणाला दाखवायचं नाही, हे पहिलं. दुसऱ्या कुणासाठी अशी केबिन बांधायची नाही, हे दुसरं. शिवकन्यानं पहिल्याखाली सही केली आणि दुसऱ्यावर रेघ मारली. अमृतरावांचा फोन आला, आवाज चढलेला.

"बाई, ही स्पर्धा आहे. तुम्ही दोन्हीकडं कसं काम करणार?"

"साहेब, या शेडात एकाच मार्गावरच्या दोन जीपा बांधल्यात मी. दोघं मालक एकमेकांचं तोंड बघत न्हाईत. दोघंही माझ्याकडंच येतात. तुमचं ड्रॉइंग तुमचं. माणूस कसा वाकतो, ते कुणाच्या मालकीचं न्हाई."

"ठीक आहे," अमृतराव म्हणाले. "केबिन वेळेवर द्या."

केबिन वेळेवर गेली. दयानंदच्या टेम्पोवर ताडपत्रीत बांधून, बिदर, जहीराबादवरून. पुढं दयानंदच्या शेजारी शिवकन्या आणि महादेवप्पा दोघंही बसले; सुनेनं बांधलेलं बघायला परमुलखातली मोठी माणसं येणार म्हटल्यावर म्हातारा घरी राहायला तयार नव्हता.

समितीत पाच जण होते. त्यात हवाई दलातून निवृत्त झालेल्या एक पायलट बाई होत्या, साठीच्या. बाकीचे कागद बघत होते. त्यांनी मात्र कंपनीचा खराखुरा पोशाख चढवून मागितला आणि आत गेल्या. बाहेर येताना त्यांनी दाराकडं पाहिलंही नाही. हात दांड्यावर गेला, खांदा वळला, पाय शिडीवर टेकला. खाली उतरून त्या थांबल्या, वर बघितलं आणि पुन्हा आत गेल्या. तीन वेळा असं झालं.

"हा दांडा इथं कुणी ठेवला?" त्यांनी विचारलं.

अमृतराव पुढं उभे होते. त्यांच्या मागं त्यांचे वीस इंजिनिअर. त्यांनी घसा साफ केला.

"लातूरच्या शिवकन्याबाईंनी. त्या इथंच आहेत."

शिवकन्या भिंतीपाशी उभी होती. सगळ्यांच्या माना वळल्या तसा तिनं पदर सारखा केला आणि पुढं आली. पायलट बाईंनी तिला हातमोजा दाखवला, जाड, बोटं नीट न मिटणारा. शिवकन्यानं तो हातात घालून दांडा धरून बघितला.

"पाइप बारीक पडतोय," ती म्हणाली. "हा मोजा घालून मूठ वळत न्हाई. एक सूत जाड घ्यावा लागंल. आम्हाला मोजा आधी दिला असता तर आधीच केलं असतं."

पायलट बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. अमृतरावांनीही लिहून घेतलं. महादेवप्पा मागं कुणालातरी सांगत होते की ही आपली सून.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. पहिला नंबर पुण्याचा आला. त्यांचं इंजिन जास्त वेळा, जास्त वेळ चाललं होतं, आणि त्यावर कुणाला काही म्हणता येण्यासारखं नव्हतं. हैदराबादला दुसऱ्या जागी ठेवलं; काम चालू ठेवा, एकाच गाडीच्या भरवशावर माणसं पाठवता येत नाहीत, तुमचीही लागणार आहे, असं समितीनं कळवलं.

वर्षाराणीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज बसलेला होता.

"केबिनचं काय म्हणाले?" शिवकन्यानं विचारलं.

"केबिनला आपल्याला जास्त मार्क. दार अन् आत-बाहेर यात पैकीच्या पैकी."

"मग रडायलीस कशाला? इंजिनवाल्यांना सांग, आता तुमची पाळी हाय. अन् नवा मोजा पाठवून दे, पाइप बघू."

वर्षाराणी हसली. त्याच दुपारी तिनं मोजा कुरिअर केला.

एप्रिलमध्ये तनुजा पुढच्या टप्प्याची केबिन बांधून घ्यायला पुण्याहून आली, तिच्याबरोबर तिघं, त्यात एक सहा फुटी माणूस आणि एक जेमतेम पाच फुटाची मुलगी. शिवकन्यानंच तसं सांगितलं होतं. त्यांच्या केबिनचं दार निराळं होतं, बाजूला आणि उंच, उभ्यानं बाहेर पडायचं. गेरू लावला, दगडोबा आला, फेऱ्या झाल्या. ठसे आले ते भलतीकडंच, उजवीकडं आणि खांद्याच्या वर. हैदराबादचा दांडा इथं नेऊन बसवला असता तर काडीचाही उपयोग झाला नसता. शिवकन्यानं ते बघितलं आणि तिला आतून फार बरं वाटलं. तनुजाला तिनं त्यातलं काही सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "बघा, तुमचं तुमच्यापाशीच होतं."

आता शेडाच्या मागं दुसरा शेड उभा राहतोय. आयटीआय झालेल्या दोन मुली वेल्डिंगला आल्यात. महादेवप्पांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि ते पुन्हा टेप मागू लागलेत. शिवकन्या त्यांना जुना टेप देते, नवा देत नाही. दगडोबाला फवारणीच्या दिवसांत शेतकरी बोलावतात आणि बाकीच्या दिवसांत इंजिनिअर. दोन्हीकडं जाताना तो पंप तोच नेतो, फक्त शेडात यायच्या आधी धुऊन घेतो.

मागच्या महिन्यात वर्षाराणी आणि तनुजा एकाच दिवशी आल्या, एकमेकींना न कळवता. हैदराबादची केबिन जाड दांडा बसवायला परत आली होती, त्यामुळं शेडात दोन्ही केबिनी शेजारी-शेजारी होत्या, मध्ये शिवकन्यानं जाड ताडपत्री बांधलेली. दोघींनी एकमेकींना बघितलं आणि दोघींनी हातातलं ड्रॉइंग पाठीमागं धरलं. मग वर्षाराणीनं विचारलं, इंजिन सलग किती वेळ चाललं, आणि तनुजानं विचारलं, समितीतल्या त्या पायलट बाईंनी तुम्हालाही मोज्यावरून छळलं का. बोलता बोलता दोघींचा आवाज वाढला, हसणं वाढलं.

शिवकन्या ताडपत्रीखालून वाकून बाहेर आली.

"तुम्ही दोघी बाहेर मामांपाशी बसून बोला," ती म्हणाली. "मला इथं माप घ्यायचंय, अन् तुमच्या बोलण्यात आकडा चुकायलाय."

दोघी बाहेर गेल्या. तिनं टेप पुन्हा ओढला आणि पहिल्यापासून मोजायला घेतलं.